सुकतळ्यावरचा पत्ता

हे लिहायचंच नाही असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. तीनदा फाइल उघडली, चार-चार ओळी बडवल्या, तीनदा पुसल्या. ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की बोटं आपोआप स्वतःची बाजू घ्यायला लागतात. म्हणून चौथ्या वेळी त्यानं ‘मी’ काढून ‘तो’ टाकलं, आणि मग गाडी जरा हलली.

तर तो. वय पंचवीस, अंगानं किडकिडीत, बोलताना दोन्ही हात खिशात. वेबसाइट बनवायला तो कुणाकडे शिकला नव्हता. दुसऱ्याची साइट उघडायची, तिच्या पोटात काय लिहिलंय ते बघायचं, आपल्याकडे उतरवायचं, मोडायचं, परत जोडायचं. मोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून मित्रानं त्याचं नाव पाडलं होतं खटपट्या.

मित्राचं नाव खिळ्या. तो जोडे बनवायचा, आणि काम करताना सात-आठ बारीक खिळे ओठांत धरून बसायचा. तेवढा वेळ त्याला ‘हं’ आणि ‘हंहं’ याच्यापलीकडे काही बोलता यायचं नाही. जगात नीट ऐकून घेणारा माणूस कुणी असेल तर तो हाच, असं खटपट्याला वाटायचं, त्याचं निम्मं कारण हे खिळे होते.

खिळ्याचे जोडे दुकानात मिळतात तसले नव्हते. कुणाचा एक पाय बोटभर आखूड, कुणाला पुढची बोटंच नाहीत, कुणाचा घोटा अपघातानंतर वाकडा बसलेला. अशा लोकांसाठी तो जोडे करायचा. आतून डावा वेगळा, उजवा वेगळा, पण बघणाऱ्याला जोडी सारखीच दिसली पाहिजे. त्यात त्याचा जीव. बसायचा एका अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत. बाहेर पाटीबिटी काही नाही. हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या लोकांना सांगायच्या, ‘गल्लीत शिरा आणि चामड्याचा वास येईल तिथे थांबा.’ सात वर्षं धंदा वासावर चालला होता.

मग ती इमारत विकली गेली. तीन महिन्यांत खोली खाली करायची. खिळ्याच्या घरामागे एक पत्र्याची पडवी होती, शहराच्या पार टोकाला. तिथे हत्यारं हलवायची असं ठरलं.

“आणि गिऱ्हाईक?” खटपट्यानं विचारलं.

खिळ्यानं खिळे तळहातावर काढले. “तेच ना. वास काय बसमध्ये बसून तिथपर्यंत येणार आहे?”

तेव्हा खटपट्या म्हणाला, “साइट करू. मी करतो.”

हे तो सहज बोलला खरा, पण ते तेवढं सहज नव्हतं. कारण हे नुसतं मित्राचं काम नव्हतं. त्याचं स्वतःचं असं ते पहिलं काम होणार होतं.

नोकरी होती दाजींकडे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, त्यात दाजी, खटपट्या आणि एक कायम गळणारा पाण्याचा फिल्टर. दाजींचा धंदा होस्टिंगचा. म्हणजे असं बघा, वेबसाइट म्हणजे शेवटी काही फायली, आणि त्या कायम चालू असलेल्या कुठल्यातरी कंप्युटरवर ठेवाव्या लागतात. तो कंप्युटर ज्याचा, तो होस्ट. दाजी एका मोठ्या कंपनीकडून एक तगडा सर्व्हर भाड्यानं घ्यायचे, आणि एखाद्या हॉलमध्ये पडदे लावून खोल्या पाडाव्यात तसे त्याचे तुकडे करून लोकांना द्यायचे. दातांचे डॉक्टर, गाडी शिकवणारे, फुलवाले. एकूण दोनशे तेरा साइट. कुणाचा मेल अडकला, कुणाची साइट दुपारी झोपली, कुणी पासवर्ड विसरला, की फोन वाजायचा, आणि तो उचलायचा खटपट्यानं. तीन वर्षं तो हेच करत होता. त्यानं मनात ठरवलं होतं, या वर्षाच्या शेवटी इथून काढता पाय घ्यायचा. खिळ्याची साइट करायची, ती दाखवून दुसरी मिळवायची, मग तिसरी. दाजींना अजून सांगितलं नव्हतं. ताईला पण नाही.

म्हणून होस्ट निवडायला त्यानं तीन आठवडे घेतले. हसू नका. लोक लग्नाला एवढा वेळ घेत नाहीत. वहीत रकाने पाडले. एक होस्ट पहिल्या वर्षाला फुकटच्या भावात जागा देत होता, दुसऱ्या वर्षाचा आकडा मात्र मुंगीएवढ्या अक्षरात. दुसऱ्याकडे चित्रं ओढून-टाकून साइट बनायची, फार गोंडस, पण तिथून निघायचं म्हटलं तर साइट बरोबर नेता येत नाही, नव्यानं बांधायची. तिसऱ्याकडे सगळं आपल्या हातात, पण मग सगळं बिघडणार तेही आपल्याच हातात. लोकांचे अभिप्राय वाचून तर डोकं भणभणायला लागलं. एकाच होस्टला एक जण देव म्हणतोय आणि दुसरा चोर.

शेवटी त्यानं सगळे रकाने खोडले आणि दोनच गोष्टी लिहिल्या. एक, नको झालं तर उचलून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. दोन, साइटचं नाव खिळ्याच्या स्वतःच्या खात्यात असलं पाहिजे. कारण नाव, म्हणजे जो पत्ता लोक टाइप करतात तो, वेगळा नोंदवावा लागतो, आणि ज्याच्या खात्यात नोंदवला त्याचाच तो होतो. साइट कुणी बनवली, धंदा कुणाचा, याला तिथे कुणी विचारत नाही. तीन वर्षांत दाजींच्या फोनवर त्यानं कितीतरी लोकांना या एका गोष्टीपायी रडकुंडीला आलेलं ऐकलं होतं.

“तुला कुठला होस्ट पाहिजे?” त्यानं खिळ्याला एकदा विचारलंसुद्धा.

“मला विचारतोस? मी तुला विचारतो का, टाच कुठल्या चामड्याची लावू म्हणून?”

“तसं नाही रे, तुझी साइट आहे.”

“लेका, तुझ्यावर सोडलंय म्हणजे सोडलंय. डोकं खाऊ नकोस, ती रापी दे इकडे.”

त्यानं रापी दिली, तिच्यानं खिळ्या चामडं कापायला लागला, आणि विषय संपला.

आता ताईकडचं जेवण. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी. खटपट्याची चूक एवढीच की आदल्या दिवशी त्यानं ताईला फोनवर सांगून ठेवलं होतं, मित्रासाठी होस्ट बघतोय, जाम गोंधळ झालाय. ताईच्या पोटात काही राहत नाही, हे पंचवीस वर्षं माहीत असून सांगितलं.

दाजींनी भात वाढून घेता घेता विचारलं, “काय मेव्हणेबुवा, बाहेर जागा शोधताय म्हणे?”

“नाही, म्हणजे मित्राची आहे साइट. लहानशी.”

“मग लहानाला आपल्याकडे जागा नाही होय? अगं, ऐकलंस का, तुझा भाऊ परक्याच्या दारात जातोय.”

“घे की रे ह्यांच्याकडेच,” ताई म्हणाली. “नाहीतरी आठवडाभर तूच सांभाळतोस ना ते सगळं?”

त्याच्याकडे नाही म्हणायला पाच कारणं होती, आणि पाचही सांगण्यासारखी नव्हती. दुपारी दोन ते चार तुमच्या सगळ्या साइट रांगतात, हे जेवताना कसं सांगायचं? तुमच्या सर्व्हरचे मेल लोकांच्या कचऱ्यात पडतात, हे? मी डिसेंबरात तुम्हाला सोडून चाललोय, हे? तो पाणी प्यायला.

“नाव काय घेणार?” दाजींनी डाव्या हातानं फोन काढला.

“अजून नक्की नाही. डावाउजवा, असं काहीतरी.”

“झकास आहे की.” दाजींचा अंगठा चार वेळा हलला. “घेतलं.”

“घेतलं म्हणजे?”

“म्हणजे बुक केलं. आता हे दुसऱ्या कुणाला मिळत नाही.”

“कुठल्या खात्यात?”

“आपल्याच. दोनशे तेरा होती, हे दोनशे चौदावं. गर्दीत बरं असतं, हरवत नाही कुणी.” दाजी मनापासून हसले. त्यांनी काही डाव टाकला नव्हता. माणूस खरंच मदत करत होता, आणि तीच पंचाईत होती.

तीन आठवड्यांची वही, आणि घास तोंडात जायच्या आत निकाल. खटपट्या म्हणाला, “थँक्यू दाजी.”

खिळ्याला त्यानं एवढंच सांगितलं की होस्ट ठरला, नाव मिळालं. कुणाकडे, कुणाच्या नावावर, ते नाही सांगितलं. पुढे कधीतरी दाजींकडून गुपचूप सोडवून घेऊ, मग सांगू. हे ‘पुढे कधीतरी’ त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याला त्याची तारीख ठरल्यासारखी वाटायला लागली.

साइट मात्र देखणी झाली. पहिल्या पानावर दोन पायांची रेघांनी काढलेली आकृती, एक मोठा, एक लहान. पडवीपर्यंत कसं यायचं त्याचा नकाशा. खाली एक अर्ज, त्यात लोकांनी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं गिरवायचं आणि त्या कागदाचा फोटो पाठवायचा. खिळ्यानं ती साइट फोनवर बघितली, बोटानं वर-खाली सरकवली, परत वर नेली. “आयला,” एवढंच म्हणाला. खटपट्याला ते पुरलं.

पंधरा दिवसांनी तो पडवीत गेला, तर खिळ्या दारातच उभा. हात पाठीमागे.

“डोळे मीट.”

“काय आहे?”

“मीट म्हटलं ना.”

हातावर काहीतरी थंड आणि जड ठेवलं गेलं. पितळी शिक्का होता. उलट्या अक्षरात कोरलेला साइटचा पत्ता.

“प्रत्येक जोड्यात मारणार,” खिळ्या म्हणाला. “आत, टाच टेकते तिथे. तुला माहितीय, माझं गिऱ्हाईक कसं येतं? एक लंगडणारा दुसऱ्या लंगडणाऱ्याला रस्त्यात बघतो. हा नीट चालतोय, तो चालत नाहीये. मग तो विचारतो, कुठून केले? आता सांगायला नको, जोडा काढून दाखवायचा. हे बघ, कालपासून सहा जोड्यांत मारला.”

पिवळसर चामड्यावर अक्षरं खोल, स्वच्छ उमटली होती. तेव्हा सांगायला हवं होतं. पडवीत दुसरं कुणी नव्हतं, खिळ्याच्या तोंडात खिळे नव्हते, समोर दोन स्टुलं होती. यापेक्षा सोपी वेळ मिळणार नव्हती.

“छान आलाय,” तो म्हणाला.

आणि गंमत म्हणजे शिक्का चाललाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, खिळ्याच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी बसस्टॉपवर एका अनोळखी माणसाचं चालणं बघितलं, तिथल्या तिथे आपला डावा जोडा काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. ‘वाचा,’ म्हणाल्या. तो बिचारा आधी घाबरला, मग त्यानं वाचलं, आणि आठवड्यानं पडवीत हजर. खिळ्या ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि दर वेळी तो माणूस जरा जास्त घाबरायचा. पाच महिन्यांत एकेचाळीस जोड्या त्या शिक्क्यासह गावभर हिंडायला लागल्या. खटपट्या रस्त्यानं जाताना लोकांच्या पायांकडे बघायचा. त्याला वाटायचं, त्याचं खोटं एकेचाळीस जोड पावलांनी चालतंय.

मग एका सकाळी दाजींनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि स्वतः चहा ओतून दिला. दाजी कधी चहा ओतत नाहीत.

“बस. मी हे सगळं विकतोय.”

“काय सगळं?”

“साइट, नावं, गिऱ्हाइकं. एकगठ्ठा. मोठी कंपनी आहे, त्यांनी असे पाच-सहा गठ्ठे घेतलेत.” दाजींनी चष्मा काढून डोळे चोळले. “मला होत नाही रे आता. लेकीच्या शाळेत गेलो तरी खिशात फोन थरथरतो. कुणाचा तरी मेल आलेला नसतो. दोनशे चौदा लोकांचे मेल मी उरावर घेऊन फिरतो.”

खटपट्याला पहिल्यांदाच दाजींची कीव आली, आणि त्याच क्षणी तो आकडाही खटकला. “दोनशे चौदा म्हणजे डावाउजवापण?”

“सगळीच.”

“ते एक खिळ्याच्या नावावर करून द्या ना दाजी. त्याचंच आहे ते.”

“यादी गेलीय. यादीवर सही झालीय.”

“मग गेल्यावर त्यांच्याकडून मागू?”

“माग की. साठ दिवस तर नाव हलवताच येणार नाही. त्यानंतर त्यांच्या मनात आलं तर. आणि त्यांचा एक साचा आहे, त्यात लहान साइट बसल्या नाहीत की बंद करतात, नाव मात्र ठेवून घेतात.” दाजी थोडं थांबले. “एक करता येईल.”

खटपट्यानं कप खाली ठेवला.

“त्यांना हे सगळं माहीत असलेला माणूस सौद्याबरोबरच हवाय. दोन वर्षं. मी तुझं नाव दिलंय.”

“मला न विचारता?”

“अरे, नोकरी आहे, फाशी नाही. पगार वाढतोय. तू येतोस म्हणालास तर मी त्यांना म्हणू शकतो, पोराच्या मित्राचं एक नाव आहे, तेवढं यादीतून काढा. तू नाही म्हणालास तर मी कुठल्या तोंडानं मागू?” मग आवाज जरा खाली आणून, “ताईला सांगितलंय मी. तिला हायसं वाटलं. म्हणाली, चला, त्याचंही मार्गी लागलं.”

म्हणजे ताईचंही झालं होतं. आता नाही म्हणायचं तर दाजींचा सौदा अडणार, ताईचं तोंड उतरणार, आणि खिळ्याच्या एकेचाळीस जोड्या कुणा तिसऱ्याच्या नावाची जाहिरात करत हिंडणार. हो म्हणायचं तर डिसेंबर गेला. त्याच्यानंतरचा डिसेंबरही गेला. उत्तर द्यायला गुरुवारपर्यंत वेळ होता.

तीन दिवस त्यानं गणितं केली. खिळ्याला खरं सांगितलं तर? तर खिळ्या विचारणार, पाच महिने का नाही बोललास? आणि सांगून होणार काय? चामड्यात दाबलेलं अक्षर काही पुसता येत नाही. साइट रात्रीत बदलता येते, जोडा येत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. दर वेळी गणित फिरून तिथेच यायचं, आणि खरं सांगायचं तर तिथेच यावं असं त्याला वाटत होतं. कारण त्या उत्तरात खिळ्यासमोर तोंड उघडावं लागत नव्हतं. दोन वर्षं द्यायची, पण ते एक वाक्य बोलायचं नाही. हा सौदा त्याला त्या तीन दिवसांत खरोखर स्वस्त वाटला.

गुरुवारी दुपारी त्या कंपनीच्या ऑफिसात, काचेच्या खोलीत त्यानं सही केली. खुर्चीला चाकं होती, ती सारखी मागे सरकत होती. एका बाईंनी नऊ पानं पुढे केली, जिथे जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यानं चिठ्ठ्या वाचल्या, पानं नाही. दाजी शेजारी बसून पाठीवर थाप मारत होते. कंपनीनं दाजींना दिलेला शब्द बाईंनी पाळला, नाव सोडवायचा संकेत, अंक-अक्षरांची एक लांब माळ, त्याला तिथल्या तिथे एका चिठ्ठीवर लिहून दिली.

बसमध्ये त्यानं आपली प्रत काढली. सहाव्या पानावर होतं: नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यानं बाहेर कुणासाठीही, मोबदला घेऊन किंवा न घेता, वेबसाइट बनवू अथवा सांभाळू नये.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेर बघत बसला. नाव सुटलं होतं. ते ज्याच्यासाठी सोडवलं त्या साइटला त्यानं आता दोन वर्षं बोट लावायचं नव्हतं. कुणी बाहेरून कडी लावली म्हणावं तर तेही नाही. दार त्यानं स्वतःच ओढून घेतलं होतं, आणि वर पेन परत करून आला होता.

शनिवारी सकाळी तो पडवीत गेला. पत्र्यावर ऊन तापायला लागलं होतं. खिळ्या मांडीत जोडा धरून टाच ठोकत होता, ओठांत खिळे.

“तुझा फोन दे,” खटपट्या म्हणाला. “एक खातं उघडायचंय तुझ्या नावानं. एक मेल येईल, त्यात ‘हो’ दाबायचं. बस.”

“हं?”

“साइटचं नाव तुझ्या नावावर करायचंय.”

हातोडी थांबली. खिळ्यानं एकेक करून खिळे तोंडातून काढले. सात होते. ओळीनं पाटावर ठेवले. एवढा वेळ तो खटपट्याकडे बघत होता.

“मग आत्तापर्यंत कुणाच्या नावावर होतं?”

काय सांगायचं हे खटपट्यानं बसमध्ये जुळवून आणलं होतं. कंपनी बदलली, तांत्रिक आहे, तू नको लक्ष देऊ. तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. आलं ते सगळं उलट क्रमानं. आधी सहावं पान, मग सही, मग दाजी, मग ताईकडचं जेवण, आणि शेवटी ती वही आणि तिच्यातल्या दोन ओळी. मध्ये खिळ्यानं एकदाही ‘हं’ केलं नाही.

“म्हणजे मी शिक्का दाखवला तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि छान आलाय म्हणालास.”

“छानच आला होता.”

“गप.” खिळ्या उठला, पडवीच्या टोकापर्यंत गेला, परत आला. “आणि दोन वर्षं कशापायी दिलीस तू त्यांना?”

“शिक्क्यापायी. एकेचाळीस जोड्या आहेत बाहेर. तो पत्ता गेला असता तर त्या सगळ्या...”

“सगळ्या काय?”

“खोट्या पडल्या असत्या. चामड्यातलं कसं पुसणार होतास तू?”

खिळ्यानं दुरुस्तीला आलेला तो मघाचा जोडा उचलला, आत दोन बोटं घातली आणि एक झटका दिला. फर्रकन आवाज झाला. पिवळसर चामड्याचा एक पातळ तुकडा, पावलाच्या आकाराचा, बाहेर आला. त्याच्या टाचेकडच्या भागावर पत्ता होता.

“याला सुकतळा म्हणतात,” खिळ्या म्हणाला. “नुसता चिकटवलेला असतो. माझ्या गिऱ्हाइकांचे पाय सरळ पडत नाहीत, एका बाजूनं दाबतात, म्हणून चार-सहा महिन्यांत हा बदलावाच लागतो. नाही बदलला तर कंबर धरते. भूगोलवाल्या बाई मागच्या आठवड्यात बदलून गेल्या. शिक्का करायला एक दिवस लागतो. नवा पत्ता, नवा शिक्का, येईल त्याला नवा सुकतळा. सहा महिन्यांत जुना एकही उरला नसता.”

खटपट्यानं तो तुकडा हातात घेतला. एका कडेनं दबलेला, दुसरीकडे अजून कोरा.

“मला कसं माहीत असणार?” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं.

“विचारून.” खिळ्याचा आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागलं. “इथं येऊन बसतोस, तासतासभर बोलतोस. एकदा विचारायचं, खिळ्या, हे निघतं का रे? दोन वर्षं वाचली असती. मला वाईट नावाचं नाही वाटत. नाव काय, दुसरं घेतलं असतं. तू माझ्यासाठी परस्पर तुरुंगात जाऊन बसलास, आणि मला आता त्याचं ओझं. मी मागितलं होतं का?”

“नाही.”

“मोठा त्यागमूर्ती.”

“त्याग नव्हता तो,” खटपट्या म्हणाला. “तुला सांगायची भीती वाटत होती. ते टाळायला सही केली.”

हे ऐकल्यावर खिळ्या स्टुलावर बसला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, परत उचलली आणि गेलं.

“हे बरं सांगितलंस,” खिळ्या म्हणाला. “आता सोडता येत नाही ते?”

“नाही. दाजींचा सौदा त्यावर उभा आहे. ताई आहे.”

“मग सोमवारपासून जा. काय करणार. साइटचं काय बिघडलं तर?”

“मी हात लावू शकत नाही. तसं लिहिलंय.”

“तोंड लावू शकतोस का?”

“तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“मग शनिवारी येत जा. मी बडवीन, तू सांग. माझी बोटं जाड आहेत, आधीच सांगतो, शिव्या द्यायच्या नाहीत.” खिळ्यानं फोन काढून त्याच्यासमोर धरला, मग काहीतरी सुचून मागे घेतला. “नको. तू नको दाबू. कुठं दाबायचं ते दाखव.”

खातं उघडायला पाऊण तास लागला. मेल आला. खिळ्यानं तो मोठ्यानं, अडखळत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच ‘हो’वर अंगठा ठेवला. पासवर्ड टाकताना म्हणाला, “तोंड फिरव,” आणि खटपट्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर लोकांच्या पायांचे कागद टाचलेले होते, पेन्सिलीनं गिरवलेले, दोन पाय सारखे असा एकही नाही.

“झालं. वळ.”

तो वळला.

“आता एक शब्द दे मला,” खिळ्या म्हणाला. “यापुढे माझ्यासाठी स्वतःला कुठे अडकवून घ्यायचं झालं, तर आधी मला विचारायचं. भीती वाटली तरी. वाटली तर जास्तच.”

“विचारीन,” खटपट्या म्हणाला. हात खिशातून बाहेर काढलेले होते, आता त्यांचं काय करायचं ते त्याला सुचेना. “कागद घेऊन आधी इथे येईन. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तुला वाचून दाखवीन, सहावं पानसुद्धा. आणि तू हो म्हणेपर्यंत पेनाचं टोपण काढणार नाही.”